पायाळूचा पोरगा

बा, तुझ्या नातवाच्या गळ्यात मासा अडकला होता. काटा नाई, अख्खा मासा, जिता. आता पोट्टा बरा आहे, हे आधीच सांगून टाकतो, नाई तं तू पुढचं ऐकणार नाई. त्याले तू पाह्यलं नाई. तू गेला तेव्हा मलेच अजून मिसरूड फुटली नव्हती. मी आता लई दूर आहे, लोखंडाचा मोठा कारखाना उभा होऊन राह्यला तिथी, टिनाच्या खोलीत, मुलुखामुलुखाच्या माणसांत. आज सुट्टी. बाकीचे बाजारात गेले. मी दार लावून बसलो, कारण कोणाले लिहून राह्यला असं कोणी विचारलं तं सांगू काय? अक्षर माझं तसंच आहे, चौथीतलं. तू असतानीही मी एका जागी टिकत नव्हतो, तू गेल्यावर तं विचारूच नोको. आधी आलापल्लीच्या जंगलात सागाच्या कटाईवर गेलो, मंग कोळशाच्या खाणीत, मंग इथी. घरी आई आहे, बायको आहे, पोरगा आहे. मी वर्षातून एकदा पाहुण्यासारखा जातो.

उन्हाळ्यात तलाव आटते हे तुले काय सांगाव. मधात गुडघाभर पाणी राहते आणि खाली चिखल, आणि आपली सारी वस्ती एका दिवशी मासे धराले त्यात उतरते. मी सुट्टीवर गेलो तो दिवस नेमका तोच. मी नाई उतरलो. अंगात कारखान्याजवळच्या बाजारातून घेतलेला नवा सदरा होता, म्हणून बांधावर बसून पाहून राह्यलो होतो. पोट्टा पाण्यात होता. एक मासा हातात असतानी दुसरा पायाखाली वळवळला का पहिला दातात धरायचा, हे आपल्याकडे कोणी शिकवत नाई, लेकरं पाहून पाहून शिकतात. पण तू मले शिकवलं होतं. मी त्याच्याएवढाच असन. मासा डोक्याकडून तोंडात धरला तं तू चिखलाचा हात असा दिला थोबाडीत का मासाही पडला आणि मीही पडलो. "आडवा धर. कणसासारखा. डोकं आत गेलं का तो आतच जाते. त्याले मागं चालता येत नाई." एवढं म्हणाला आणि पुढं निघून गेला. माझ्या पोराले हे कोण सांगन? तू नाई, आणि मी इथी.

तो तुझा काटेरी पंखाचा बोटभर मासा होता, ज्याले तू कधी नावानं बोलवलं नाई, शिवी देऊनच बोलवलं. पोट्ट्यानं तो तोंडात धरला, वाकून दुसरा पकडला, आणि दोन्ही हात वर करून मले दाखवाले तोंड उघडलं. मी पाहून राह्यलो. शेपटीच दिसून राह्यली ओठातून, मंग तीही नाई. तो काही ओरडला नाई, बा. ओरडाले जागाच नव्हती.

मंग जे झालं ते अजून डोक्यात नीट लागत नाई, सारं एकदमच आठवते. कोणी पाठीत बुक्क्या मारते, कोणी म्हणते भाताचा गोळा द्या. काकानं तोंडात दोन बोटं घालून शेपटी ओढली तं शेपटी तुटून हातात आली. मासा आत गेला का पंख उघडून बसते, जितकं ओढाल तितका रुतते. पोराच्या गळ्यातून शिट्टीसारखा बारीक आवाज येऊन राह्यला होता, तेवढाच श्वास. आणि साऱ्या बाया एकच म्हणून राह्यल्या होत्या, "याचा आजा असता तं! आतापर्यंत पाय लावून मोकळं केलं असतं." कोणी म्हणे नदीपल्याडच्या गावात एक पांढऱ्या केसाची पायाळू बुडी आहे, बैल जुपा. आणि मी, बा, खरंच बैलाकडे पळालो. तुझा पोरगा ना मी. पायाकडून जन्मलेल्या माणसाचा पाय गळ्याले लागला का काटा उतरते, हे मी आईच्या दुधासंगं प्यालो. माझ्या बायकोनं लेकरू खांद्यावर पालथं टाकलं आणि म्हणाली, "बुडी राहू द्या तिच्या घरी. सडकेवर चला." ती आरमोरीकडची, तिनं तुझा पाय पाह्यला नव्हता.

सडकेवर आलापल्लीहून चांद्याले सागाचे लठ्ठे घेऊन जाणारा ट्रक भेटला. ड्रायव्हर चांद्याचाच, पिकल्या दाढीचा मुसलमान. "क्या अटका भाऊ?" म्हणे. मी म्हटलं, मासा. "मछली? जिंदी?" मंग त्यानं दुसरं काही विचारलं नाई. साऱ्या रस्त्यानं एक हात भोंग्यावर आणि तोंडानं एकच, "रोना मत बेटा, रोने से गला और सूजता है." पोट्टा कुठी रडून राह्यला होता, रडून राह्यलो होतो मी. त्या माणसानं लठ्ठ्यांसकट ट्रक दवाखान्याच्या आवारात घातला. चौकीदार काठी घेऊन मागं धावला तं हा खिडकीतून ओरडला, "बाद में मार, पहले दरवाजा खोल!"

मोठे डॉक्टर दौऱ्यावर गेले होते. होत्या त्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाई. ठेंगण्या, पदर कमरेले खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले. त्या नुकत्याच कोणाची तरी सुटका करून आल्या होत्या. नाव विचारलं नाई, गाव विचारलं नाई. पोराचं तोंड उघडून उजेडाकडे केलं.

"कोणी ओढला?"

"काकानं."

"त्याला सांगा, पुढच्या वेळी स्वतःची जीभ ओढ." मंग कंपाउंडरले म्हणाल्या, "मासा राहू दे. आधी श्वास." मले म्हणाल्या, "पाय धरा. डोळे मिटले तरी चालतील, पाय सोडायचे नाही."

मी डोळे मिटले नाई. मिटले असते तं बरं झालं असतं. त्यांनी गळ्याच्या खालच्या खळीजवळ चिरा दिला आणि एक चांदीसारखी नळी आत घातली. त्या नळीतून असा आवाज आला, बा, जसा भात्यातून येते, आणि निळं पडलेलं तोंड पाहता पाहता माणसाचं झालं. मासा वरच राह्यला आणि श्वास खालून आला. मंग बाईंनी निवांत, कात्रीनं तोंडातूनच त्याचे पंख कापले आणि चिमट्यानं तो काढला. एनामलच्या ताटलीत ठेवला तं एवढासा. मले वाटलं होतं हातभर असन. बाईंच्या कपाळावरून घाम नाकावर आला होता. "गळा मी पहिल्यांदाच कापला," असं त्या कंपाउंडरले हळूच म्हणाल्या. मले ऐकू आलं. मले अजून समजत नाई का ते ऐकून मले भीती वाटाले पाहिजे होती का काय वाटाले पाहिजे होतं.

इथवर सारं सरळ आहे. खरी गडबड त्याच्यानंतर झाली, आणि त्यासाठीच लिहाले बसलो. गळा आतून सुजला होता म्हणून नळी काही दिवस ठेवली. नळी आहे तोवर आवाज नाई. पोट्टा खाटेवर बसून टाळ्या वाजवे, एक टाळी म्हणजे पाणी, दोन म्हणजे आईले बोलवा. सूज उतरली. बाईंनी आत पाह्यलं, म्हणाल्या गळा साफ मोकळा आहे, आता नळीले बूच लावून पाहू. बूच लावलं का श्वास नाकातोंडातून घ्या लागते. लावलं, आणि पोट्ट्यानं डोळे पांढरे केले. हातपाय झाडले, नर्सबाईले ओरबाडलं, बूच उपटून फेकलं. दुसऱ्या दिवशी तेच. बाई त्याच्यापुढं बशीत कापसाचा बोळा ठेवत, "फुंकर मार, पाहू कोणाचा दूर जातो," स्वतः फुंकर मारून दाखवत, मुद्दाम हरत. तो फक्त पाहे. "गळा बरा झाला," बाई मले म्हणाल्या, "पण त्याला खरं वाटत नाही. वरून श्वास घेतला की मासा आहे असंच वाटतं." मी विचारलं, नळी अशीच राह्यली तं? त्यांनी लपवलं नाई. आवाज नाई. आणि पाण्यात उतरणं जन्मात नाई. तलावाचं ओंजळभर पाणी त्या भोकातून आत गेलं तं संपलं. आपल्या मासे धरणाऱ्या वस्तीत, बा, पाण्यात न उतरणारा माणूस म्हणजे काय, हे बाईंले मी कसं सांगाव? माझी सुट्टीही सरून राह्यली होती. तिकडे मुकादम वाट पाहे, इकडे लेकरू.

तेवढ्यात आई गावाहून आली. आल्या आल्या तिनं खाटेजवळ सूर लावला, "याचा आजा पायाळू होता हो बाई. लोक दोन दोन गावाहून गळा घेऊन येत. तो असता तं ही वेळ येती का?" मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. नर्सबाई तोंड फिरवून हसली. डॉक्टरीणबाई नाई हसल्या. आईजवळच्या स्टुलावर बसल्या आणि मले म्हणाल्या, "काय करत तुमचे वडील? नीट सांगा."

मंग मी सांगतलं. त्या माणसाले भिंतीले टेकवून बसवायचं. आपला उजवा पाय धुवायचा. पायाचा अंगठा त्याच्या हनुवटीपासून खाली छातीच्या खळीपर्यंत फिरवायचा, हळू. आणि बोलत राहायचं. तू काय बोले ते सांगतानी मले लाज वाटली, कारण त्यात मंत्र कुठीच नव्हता. "कोणता मासा होता? कोणी रांधला? मीठ बरोबर होतं का? मंग बायकोले मारलं का तिनं तुले मारलं?" असंच काहीबाही. तो माणूस हसे नाई तं चिडे, थुंकी गिळे, आणि काटा गेलेला राहे. कोणी कोंबडी आणे, कोणी नुसतेच पाया पडून जात.

बाईंनी स्टूल जरा जवळ ओढलं. मंग म्हणाल्या, "पायाकडून येणारी पोरं मी नेहमी काढते. डोकं शेवटी निघतं, श्वासासाठी फार झगडतात. त्यातलं जे जगतं त्याच्याकडे लोक आपला गळा घेऊन गेले तर मला नवल वाटत नाही. घाबरला की गळा आवळतो. तुमचे वडील तो सोडवत असतील." आणि लगेच, "मग करा."

"मी पायाळू नाई, बाई."

"पोराला माहीत आहे?"

त्याले नव्हतं माहीत. त्याच्यासाठी मी फक्त वर्षातून एकदा येणारा, नव्या सदऱ्याचा माणूस. मी त्याच्याजवळ गेलो आणि म्हटलं, "आजासारखाच मीही पायाळू आहे, तुले कोणी सांगतलं नाई काय?" त्यानं आईकडे पाह्यलं. म्हणजे तुझ्या बायकोकडे. ती पाहतच राह्यली, पण मान हलवली. नर्सबाई म्हणे, "पाय? वार्डात? पेशंटच्या जखमेजवळ?" बाईंनी स्वतः माझा उजवा पाय ताटात घेतला, साबणानं धुतला, वरून स्पिरीट ओतलं. एवढा साफ तो पाय जन्मात झाला नसन. मंग त्यांनी बूच लावलं, आणि मी एका पायावर उभा, एक हात खाटेच्या दांड्यावर, अंगठा माझ्या पोराच्या हनुवटीखाली.

तो घाबरला. खांदे वर आले, हात बुचाकडे गेला. मी म्हटलं, "कोणता मासा होता रे?" "सांग ना. कोणता होता? आजा त्याले काय म्हणे?" अंगठा खाली, नळीच्या वरपर्यंत आणला. त्यानं थुंकी गिळली. पुन्हा वर. "मोठा होता का लहान? नाव तं सांग त्याचं." आणि त्यानं, बा, साऱ्या वार्डासमोर, नर्सबाईसमोर, बाईंसमोर, ती तुझी शिवी दिली. अख्खी. घोगरी, फाटकी, पण तोंडातून. मी त्याले ती शिकवली नव्हती. आईनंच शिकवली असन. बाजूच्या खाटेवरचा बुडा असा हसला का त्याची पट्टी सुटली. पोट्टा बावरला, मंग तोही हसला, आणि हसतानी त्यानं वरून श्वास घेतला. बूच जागच्या जागी. बाई बशीतल्या कापसाकडे पाहत बसल्या होत्या. त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "हा शब्द पुन्हा वार्डात नको," आणि बाहेर गेल्या.

संध्याकाळी आई विहिरीजवळ भांडे घासून राह्यली होती. मी म्हटलं, "आई, पाप तं नाई लागणार? बाच्या पायाचं सोंग केलं मी." ती घासतच राह्यली. मंग म्हणाली, "तुझा बा तरी कुठी पायाळू होता?"

"म्हणजे?"

"कोनाले माहीत. तुझी आजी कधी म्हणे पायाकडून झाला, कधी म्हणे डोक्याकडून. त्याच्याशी भांडण झालं का डोक्याकडून. कोनी कोंबडी घेऊन आलं का पायाकडून."

"मंग बानं विचारलं नाई तिले?"

"मीच म्हटलं होतं, एकदा खरं विचारून घ्या. तं म्हणे, विचारलं आणि ती नाई म्हणाली, तं उद्या गळा घेऊन जे लेकरू येईन त्याले काय सांगू?" भांड्यावर राख टाकली आणि म्हणाली, "जाय, त्याले भूक लागली असन."

तेव्हापासून माझं डोकं जाग्यावर नाई. तुले ताप आला होता ते मले आठवते. सडक होती, मोटर जात होती, चांद्याले हाच दवाखाना होता. काका म्हणाला, चला नेऊ. तू घोंगडीतून हसला आणि म्हणाला, "पायाळू माणूस दुसऱ्याच्या दारी कसा जाईन?" मी उंबरठ्यावर बसून ऐकलं होतं. इतके दिवस मी ते खरं धरून चाललो, का पायाळू माणसाचं असंच असते, त्याले दुसऱ्याचा हात चालत नाई. आता सांग, तुलेच माहीत नव्हतं तं तू तसं काऊन म्हणाला? गंमत केली? का भीती वाटली, आणि ती झाकाले ते म्हणाला? का तुलेही, एवढे गळे मोकळे करून करून, खरंच वाटाले लागलं होतं? त्या बाईंकडे तुले नेलं असतं तं त्यांनी तुझंही ऐकून घेतलं असतं, असं मले वाटते. मंग वाटते, तेव्हा त्या तिथी होत्या तरी काय? एक धागा ओढतो तं दुसरा गुंतते.

निघायच्या दिवशी बाई म्हणाल्या, भोक आपोआप भरन, पावसाळा जाऊ द्या, मंग खुशाल पाण्यात उतरू द्या. "उतरू द्या, नाहीतर भीती तिथंच राहील." मी त्याले ट्रकच्या अड्ड्यावर बसून आडवा मासा धराले शिकवलं, काडीनं. थोबाडीत नाई मारली. माराले पाहिजे होती का? आता गावाकडचा एक गडी इथी कामाले आला, तो सांगते का भोक भरलं, गळ्यावर चिंचोक्याएवढा डाग आहे, आवाज जरा बसका. आई म्हणते पाण्यात जाऊ दे, बायको म्हणते बापाले येऊ द्या, तो सांगन. पोट्टा बांधावर बसून राहते. इथी आणून ठेवाव असंही वाटते. इथी तलाव नाई, नळ आहे. पण इथी आणून मी त्याले काय बनवू? मले स्वतःलेच इथी किती दिवस राहीन ते सांगता येत नाई. आणि तो गडी हेही सांगते का गावात बोभाटा झाला, पायाळूपण बापाकडून पोराकडे आलं. लोक घरी येऊन विचारतात, कधी येते तो? जसं काही ते जमिनीसारखं वारशानं येते.

हा कागद कुठी धाडायचा तं जागा नाई, आणि घरी धाडावा तं आईले वाचून दाखवणारा मास्तर साऱ्या गावाले सांगन. म्हणून पेटीत कपड्याखाली राहीन. एकच सांगायचं राह्यलं. आईले म्हटलं मी सोंग केलं, बाईंलेही तेच वाटलं असन. सोंग नव्हतं, बा. अंगठा त्याच्या गळ्यावरून खाली गेला त्या घडीले मले पक्कं वाटलं का माझ्या पायात काही आहे. अजूनही मधामधात वाटते. कामावर जातानी डावा बूट मी कसाही घालतो. उजवा जरा जपून घालतो.